राजाचा मान

कोल्हापूर शहराला लागून, पंचगंगेच्या काठी कसबा बावडा वसलेला आहे. तेथील लक्ष्मीविलास राजवाड्यात १८७४ साली यशवंतराव घाटगे यांचा जन्म झाला. १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. राजा दिसताच प्रजेने मस्तक लववावे, असा तो काळ होता. पण एका मनुष्याने दुसऱ्यापुढे का नमावे?

आपल्या प्राचीन ग्रंथांनी याचे उत्तर दिले आहे. इंद्र, वायू, यम, सूर्य, अग्नी, वरुण, चंद्र व कुबेर या आठ देवांच्या अंशांपासून राजा निर्माण झाला; म्हणून तो वयाने लहान असला तरी त्याचा अवमान करू नये, असे मनुस्मृती सांगते. महाभारताच्या शांतिपर्वात दुसरे कारण आहे. राजा नसेल तर मोठा मासा लहान माशाला गिळतो, तसे बलवान लोक दुर्बळांना गिळतील.

परंतु हा मान फुकट मिळत नसे. रक्षण करणाऱ्या राजाला प्रजेच्या पुण्याचा सहावा वाटा मिळतो. रक्षण न करणाऱ्याच्या पदरी पापाचाही सहावा वाटा पडतो, असे तीच मनुस्मृती बजावते. अधर्माने वागणाऱ्या वेन राजाला ऋषींनीच ठार केले आणि त्याचा पुत्र पृथू याच्याकडून प्रजापालनाची शपथ घेतली, अशी कथा महाभारतात आहे.

शाहू महाराजांच्या कारकिर्दीत या विचाराची कसोटी लागली. १८९९ च्या सुमारास पुरोहितांनी त्यांच्या घराण्यात वेदोक्त विधी करण्याचे नाकारले. राजाला देवांश म्हणणाऱ्या शास्त्राचाच आधार घेऊन त्याला वेदमंत्रांचा अधिकार नाही, असे सांगण्यात आले! राजाची ही स्थिती, तर गोरगरिबांची काय असेल? महाराजांनी १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकरीतील रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा राखून ठेवल्या आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले.

१९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. गादीची सत्ता संपली. शाहू महाराजांविषयीचा आदर मात्र उरला. देवांश म्हणून मिळालेला मान सत्तेबरोबर जातो. प्रजेच्या रक्षणाने मिळविलेला मान सत्तेनंतरही टिकतो.

स्वाध्याय
१. राजाचा मान राखावा, यासाठी ग्रंथांनी कोणती दोन कारणे दिली आहेत?
२. वेन राजाच्या कथेवरून राजसत्तेची कोणती मर्यादा कळते?
३. आज सत्ता लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या हाती आहे. त्यांचा मान कशावर ठरावा? पाच वाक्ये लिहा.