कंडेन्सर मायक्रोफोन आणि आजीची ओवी

केळझरला आमच्या घरी आजी अजूनही जात्यावर ओव्या म्हणते. दिवाळीच्या सुटीत त्या मी मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या. ऐकतो तो काय, जात्याची घरघर नि पंख्याचा आवाज स्पष्ट. शब्द मात्र हरवलेले! असे का झाले, हे शोधताना मायक्रोफोनचा थोडा अभ्यास घडला.

सभेत बहुधा वापरतात त्या डायनॅमिक मायक्रोफोनमध्ये पडद्यासोबत तारेचे वेटोळे चुंबकाजवळ हलते. कंडेन्सर मायक्रोफोनमध्ये अतिशय पातळ पडदा व त्यामागे स्थिर पट्टी असते. आवाजाने पडदा थरथरला, की दोहोंतील अंतर बदलते, त्याबरोबर विद्युतधारकता बदलते व त्यातून विद्युतसंदेश मिळतो. ई. सी. वेंट यांनी १९१६ साली असा मायक्रोफोन तयार केला. वेटोळ्याचा भार नसल्याने त्याचा पडदा श्वासही टिपतो. तसाच पंखाही टिपतो! स्टुडिओतील अशा मायक्रोफोनला सहसा ४८ व्होल्टचा पुरवठा देतात. हृदयाकृती ग्रहणक्षेत्राचा असल्यास तो समोरचे जास्त व मागचे कमी ऐकतो. मोबाइलमधला इवलासा मायक्रोफोनही सामान्यतः धारकतेवरच चालतो, पण तो चहूकडचे ऐकतो.

म्हणून दुसऱ्या वेळी पंखा बंद केला. मोबाइल जमिनीवरून उचलून पाटावर, गोधडीच्या घडीवर, आजीच्या तोंडाजवळ ठेवला. शब्द उमटले!

हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. मित्रहो, आपल्या गावच्या ओव्या टिपणे आपल्या हाती आहे. माझ्या आजीला लिहिता येत नाही. तिचा गळा हीच तिची वही.