फोल्डर उडवण्याआधी

लिनक्सवरचं मेसेजिंगचं ॲप उघडल्या उघडल्या बंद पडायला लागलं की दोन औषधं हमखास सांगितली जातात. ॲप काढून परत टाक. नाहीतर होममधला त्याचा लपलेला फोल्डर उडव. पहिल्याने बहुधा काहीच होत नाही. दुसऱ्याने कधीकधी खरंच बरं वाटतं, आणि म्हणूनच मला त्याची जास्त धास्ती वाटते.

मुरबाडला माझ्या मावसभावाचं झेरॉक्सचं आणि पत्रिका छपाईचं दुकान आहे. जुना कॉम्प्युटर, त्यावर लिनक्स मिंट. गिऱ्हाइकं मजकूर, फोटो, पीडीएफ सगळं मेसेजवर पाठवतात. ऐन लग्नसराईत ॲप पडायला लागलं. (कोणतं ते सांगत नाही, दोष त्याचा नव्हताच.) मुरबाडला रेल्वे नाही, कल्याणहून कुणाला बोलवायचं तर एसटीच्या वेळा बघाव्या लागतात. मी शहापूरला, म्हणजे किन्हवली-सरळगावमार्गे जाऊन येण्यात दिवस मोडणार. तोवर कुणीतरी त्याला फोनवर दोन्ही औषधं सांगून मोकळं झालं होतं.

ॲप परत टाकून फरक पडला नाही. फोल्डर कायमचा उडवल्यावर मात्र ॲप सुरू झालं, आणि सगळी जुनी बोलणी गेली. कोणी मुहूर्ताची वेळ बदलून दिली, कोणी 'आमचे येथे श्रीकृपेकरून'च्या खाली आजोबांचं नाव घालायला सांगितलं, काही उरलं नाही. ते ॲप जुने संदेश फक्त त्या मशीनवरच ठेवणारं होतं. घरोघरी फोन करून मजकूर पुन्हा मागवावे लागले. आणि काही दिवसांनी ॲप परत पडलंच.

"दादा, पुन्हा उडवू का फोल्डर?"

"हात लावू नकोस. टर्मिनल उघड, ॲपचं नाव टाईप कर, एंटर मार."

चित्रावर क्लिक करून उघडलं तर ॲप मुकाट्याने बंद होतं. टर्मिनलमधून चालवलं तर जाता जाता बऱ्याचदा कारण लिहून जातं. त्याने वाचून दाखवलं: 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाईस'. मग 'डीएफ' ही कमांड द्यायला लावली, तर होमचं विभाजन शंभर टक्के भरलेलं.

त्याच्या डिस्कवर होम वेगळं आणि सिस्टीम वेगळी. ॲप बसतं सिस्टीमच्या भागात, तिथे जागा होती, म्हणून ते दरवेळी विनातक्रार बसलं. लिहायला मात्र त्याला होममध्ये जागा हवी, ती नव्हती. फोल्डर उडवल्यावर बरं वाटलं ते फोल्डर खराब होता म्हणून नव्हे, थोडी जागा झाली म्हणून. आणि मुळात जागा गेली कुठे? गिऱ्हाइकांच्या जुन्या फायली तो नेमाने डिलीट करत होता, पण त्या जात होत्या कचरापेटीत, आणि कचरापेटीही होममध्येच. ती रिकामी केली आणि ॲप चालू झालं. एवढंच.

दरवेळी इतकं सोपं नसतं, पण टर्मिनलची शेवटची ओळ वाट दाखवते. नुसतं 'किल्ड' दिसलं तर बहुतेकदा मेमरी संपून खुद्द लिनक्सनेच ॲपला मारलेलं असतं. आधी ब्राउझरचे टॅब बंद करा. 'सेगमेंटेशन फॉल्ट' आलं तर ॲपच्या किंवा ड्रायव्हरच्या आत काही बिनसलंय. सिग्नलसारखं इलेक्ट्रॉन नावाच्या चौकटीवर बांधलेलं ॲप असेल तर 'डिसेबल-जीपीयू' हा पर्याय लावून चालवून बघा, जुन्या ग्राफिक्सवर कधीकधी तेवढ्यानेच भागतं.

फोल्डरवर संशय असेलच तर ॲप पूर्ण बंद करून त्याचं नाव बदला, उडवू नका. ॲप नवा फोल्डर बनवेल. तरीही पडलं तर फोल्डर निर्दोष, जुनं नाव परत द्या. टेलिग्रामचा फोल्डर गेला तर फार तर पुन्हा लॉगिन करावं लागतं, कारण नेहमीची बोलणी त्यांच्या सर्व्हरवर असतात. सिग्नलचं तसं नाही. कॉम्प्युटरवरचा इतिहास त्या फोल्डरातल्या कुलूपबंद डेटाबेसमध्येच असतो. तो उडवला तर पुन्हा जोडताना फोनवरून येईल तेवढंच आपलं. व्हॉट्सॲपचं लिनक्ससाठी अधिकृत ॲपच नाही. त्या नावाने कुणी बनवलेलं काही पडत असेल तर दुरुस्तीत वेळ घालवू नका, ब्राउझरमधून वापरा.

कार्यालयांत अजून कुठे कुठे पिजिन दिसतं, 2007 पर्यंत ज्याचं नाव गेम होतं ते. त्यात सोय बरी आहे: 'सी' पर्याय देऊन वेगळ्या रिकाम्या फोल्डरवर चालवता येतं, 'डी' दिला की काय चाललंय ते सविस्तर छापतं. फक्त त्याचा सेटिंगचा फोल्डर मदतीसाठी कुणाला जसाच्या तसा पाठवू नका. तुम्ही पासवर्ड लक्षात ठेवायला सांगितला असेल, तर खात्यांच्या फायलीत तो साध्या अक्षरांत, कुणालाही वाचता येईल असा पडलेला असतो.