काचबिंदूतील चेतापेशींचा ऱ्हास : रेणवीय निदर्शकांचा अर्थ व मर्यादा

काचबिंदूचा रुग्ण आपल्याकडे येतो तो बहुधा उशिरा. सामान्यतः आढळणाऱ्या प्रकारात वेदना नसतात आणि मध्यदृष्टी शाबूत असते. दरम्यान दृष्टिपटलातील गुच्छिका पेशी, ज्यांच्या तंतूंची दृष्टिचेता बनते, नष्ट होत असतात. प्रत्येक डोळ्यात या पेशी सुमारे १० ते १२ लाख असून त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. दृष्टिक्षेत्र-तपासणीत दोष उमटेपर्यंत त्यांपैकी २५ ते ३५ टक्के गमावलेल्या असू शकतात. सुश्रुतोक्त षट्क्रियाकालाच्या परिभाषेत, आपण व्याधी ‘व्यक्ति’ अवस्थेत पाहतो. त्यापूर्वीचा ऱ्हास ओळखण्याचा प्रयत्न म्हणजे रेणवीय निदर्शक.

संप्राप्ती : नेत्रदाबामुळे दृष्टिचेतेच्या मुखाशी तंतू दाबले जातात. मेंदूकडून येणारी पोषक प्रथिने पेशीपर्यंत पोहोचत नाहीत व पेशी नियोजित मृत्यूच्या मार्गाला लागते. नेत्रदाब प्राकृत असतानाही हे घडू शकते.

प्रमुख निदर्शक :

१. आरबीपीएमएस व बीआरएन३ए : गुच्छिका पेशींतील प्रथिने. प्रयोगशाळेत दृष्टिपटलातील शिल्लक पेशी मोजण्यासाठी उपयोगी, रुग्णतपासणीत नाहीत.

२. जीएफएपी : आधारपेशी क्षुब्ध झाल्याचे लक्षण. इतर दृष्टिपटलविकारांतही वाढते.

३. न्यूरोफिलामेंट लाइट चेन : तंतूच्या सांगाड्यातील प्रथिन. काचबिंदूत डोळ्यातील जलद्रवात वाढलेले आढळते. रक्तातील वाढ मात्र वयोमानाने व अन्य चेताविकारांतही होते.

४. अॅनेक्सिन ए५ : मरणोन्मुख पेशीच्या आवरणाला चिकटते. त्यास प्रकाशमान रंग जोडून जिवंत डोळ्यात अशा पेशी पाहण्याचे पहिले मानवी निष्कर्ष लंडन येथील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केले.

यांपैकी एकही निदर्शक आज नित्य निदानासाठी मान्य नाही.

दाव्यांची पारख : ‘चेतारक्षक’ म्हणून एखादे औषध, आधुनिक असो वा आयुर्वेदीय, आपल्यासमोर येते तेव्हा आम्ही तीन प्रश्न सुचवितो. निदर्शक कोणता? प्रयोग प्राण्यावर की रुग्णावर? दृष्टिक्षेत्र टिकले काय? मेमँटीनचे उदाहरण बोलके आहे. माकडांत त्याने पेशींचे रक्षण केल्याचे दिसले; परंतु २,००० हून अधिक रुग्णांवरील दोन चाचण्यांत, ज्यांचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले, व्याधीची गती मंदावली नाही. नेत्रदाब कमी करणे हाच आजही सिद्ध उपाय आहे.

व्यवहारात : चाळिशीनंतर, विशेषतः कुलवृत्त असल्यास, नेत्रदाब, दृष्टिचेतामुख व दृष्टिक्षेत्र यांची तपासणी करवून घ्यावी. तर्पणादी उपक्रम सुरू करताना दाबनियंत्रक थेंब बंद करू नयेत. औषधविक्रेत्यांनी स्टेरॉइडयुक्त थेंब चिठ्ठीविना देऊ नयेत. त्यांनी नेत्रदाब वाढू शकतो. लाल डोळा, तीव्र शिरःशूल, वांती व दिव्याभोवती रंगीत वलये दिसत असल्यास रुग्णास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. अधिमंथात दृष्टिनाशाची मुदत सुश्रुताचार्यांनी दिवसांत मोजली आहे, हे आपण विसरू नये.