कोरियन प्रसाधने आणि आपली त्वचा

बी. ए. द्वितीय वर्ष

सौंदर्याची आवड माणसाला उपजतच असते. हळद, चंदन, मुलतानी माती, डाळीचे पीठ ही आपली जुनी प्रसाधने. अलीकडे मात्र दक्षिण कोरियातून आलेल्या प्रसाधनांनी आपल्याकडील तरुण-तरुणींना भुरळ घातली आहे. भंडारा, तुमसर, साकोलीच्या दुकानांतही त्या नावाच्या बाटल्या दिसतात. ही प्रसाधने ज्यांच्या त्वचेला लवकर ॲलर्जी होते, अंगावर पुरळ वा खाज उठते, त्यांच्या कितपत उपयोगाची, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी. तथापि हा विषय केवळ विज्ञान शाखेचा नाही, हे पुढे दिसून येईल.

कोरियन पद्धती म्हणजे काय?

या पद्धतीत चेहऱ्याची निगा पायरीपायरीने घेतली जाते. प्रथम तेलयुक्त द्रव्याने मळ काढायचा, मग सौम्य फेसाने चेहरा धुवायचा. त्यानंतर टोनर, एसेन्स, सीरम, मग ओलावा टिकविणारे क्रीम आणि दिवसा उन्हापासून रक्षण करणारे सनस्क्रीन. या पायऱ्या मोजता मोजता दहापर्यंत जातात.

यामागील मूळ तत्त्व मात्र विचारात घेण्याजोगे आहे. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मृत पेशी या विटा, आणि सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले हा त्यांना जोडणारा चुना. हा चुना निघाला की आतले पाणी उडून जाते आणि बाहेरची द्रव्ये आत शिरतात. त्वचा स्वभावतः किंचित आम्लधर्मी असते. तिचा सामू सुमारे 5 असतो. साध्या साबणाचा सामू 9 ते 10 असतो. म्हणूनच कपड्यांच्या साबणाने तोंड धुतले की कातडी ताणल्यासारखी वाटते. घासूनपुसून चकचकीत करण्यापेक्षा ही भिंत जपावी, हा कोरियन पद्धतीतील ग्राह्य भाग होय.

घटक: काही आपल्या ओळखीचे

या बाटल्यांवर 'सिका' हे नाव वारंवार आढळते. ही कोणती नवलाची वनस्पती, म्हणून शोध घेतला तर ती निघाली आपली मंडूकपर्णी! ओलसर जागी, तळ्याकाठी पसरणारी, गोल पानांची ही वेल आयुर्वेदाला पूर्वीपासून माहीत आहे. तिच्यातील मॅडेकॅसोसाइड व एशियाटिकोसाइड ही द्रव्ये त्वचेचा दाह शमविण्यासाठी वापरतात. दुसरा घटक तांदळाचे पाणी. चिनोर पिकविणाऱ्या आपल्या जिल्ह्याला तांदळाचे धुवण काय नवीन? पण आंबलेले धुवण फुटलेल्या वा खाजणाऱ्या कातडीला लावू नये, एवढे ध्यानात ठेवावे. याखेरीज सिरॅमाइड, पॅन्थेनॉल, ग्लिसरीन, हायल्युरोनिक आम्ल हे घटक सहसा नाजूक त्वचेला मानवतात. त्रास देतात ती बहुधा सुगंधी द्रव्ये आणि काही परिरक्षके.

'नैसर्गिक' या शब्दाची भूल

वनस्पतीपासून केलेले, म्हणून निर्धोक, असे पुष्कळांना वाटते. आपल्या जंगलातला बिब्बा याचे उत्तम उत्तर आहे. त्याचे तेल अंगाला लागले की फोड येतात. परीट कपड्यांवर बिब्ब्याची खूण करीत. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांना त्या खुणेमुळे मानेवर व कमरेवर पुरळ उठल्याची नोंद 1943 साली झाली आहे. कोरियातील सुप्रसिद्ध लाखकाम ज्या झाडाच्या चिकापासून होते, ते झाड बिब्ब्याच्याच कुळातले. त्या चिकातील दाहक द्रव्य बिब्ब्याच्या तेलातील द्रव्याच्या नात्यातले आहे. त्या झाडाची साल घालून शिजविलेली कोंबडी खाल्ल्याने अंगभर पुरळ उठलेले रुग्ण कोरियन डॉक्टरांना ठाऊक आहेत. म्हणजे तिकडेही निसर्ग सौम्यच असतो असे नाही.

आपल्याकडील खरे कारण

ॲलर्जीचे कारण पुष्कळदा बाटलीत नसून बांधावर असते. गाजर गवताची नोंद पुण्यात 1955 च्या सुमारास झाली आणि ते देशभर पसरले. त्यातील पार्थेनिन या द्रव्याची ॲलर्जी जडली की झाडाला हात न लावताही त्रास होतो. वाळलेल्या गवताचे सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर येऊन पापण्या, मान व कोपरांच्या लवणीत बसतात. माझी आई रोवणीला व निंदणाला जाते. तिच्या पापण्या व मान दरवर्षी पावसाळ्यानंतर सुजून काळवंडत. कोणी उष्णता म्हणे, कोणी नजर. धुऱ्यावरचे गाजर गवत हे कारण आहे, हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत काही वर्षे गेली. टिकलीमागच्या गोंदातील एका द्रव्याने कपाळावर पांढरा डाग पडतो, आणि केसांच्या काळ्या रंगातील पीपीडीने डोके व चेहरा सुजतो. हीही रोजच्या पाहण्यातली उदाहरणे.

अशा वेळी दुकानातून स्टेरॉइडचे मलम आणून लावण्याची रीत गावोगाव आहे. खाज थांबते, चेहरा काही दिवस उजळ दिसतो. पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा व मुरमे उठतात, आणि मलम सोडताच जळजळ वाढते. 2018 साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. आईच्या पेटीतही असे मलम होते. नळीवरचे बारीक इंग्रजी वाचू शकणारी आमच्या घरात मी पहिलीच. महाविद्यालयात येऊन काय मिळाले असे कोणी विचारले, तर हे एक उत्तर मला देता येईल.

काय करावे?

दहा पायऱ्यांची गरज नाही. ॲलर्जी असलेल्या त्वचेला जितकी द्रव्ये कमी तितके बरे. सौम्य, बिनवासाच्या द्रव्याने धुणे, ओल्या अंगावरच साधे बिनवासाचे क्रीम किंवा पेट्रोलियम जेली लावणे, आणि उन्हात झिंक ऑक्साइडयुक्त सनस्क्रीन वा निदान दुपट्टा, एवढ्या तीन गोष्टी पुरेत. नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूस रोज दोनदा, आठवडाभर लावून पाहावी. कारण ही ॲलर्जी एक-दोन दिवसांनीही उमटते. घटकांची यादी सामान्यतः उतरत्या प्रमाणात असते, ती वाचावी. पुरळ वारंवार उठत असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडून पाठीवर पट्टी लावून करावयाची पॅच चाचणी करून घ्यावी. शेतात जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, आणि आल्यावर अंग धुऊन कपडे बदलावेत.

आणखी एक. या पद्धतीबरोबर गोरेपणाची हावही हळूच घरात येते. त्वचेचा रंग हा रोग नव्हे, म्हणून त्यावर औषधही नाही. खाज, सूज आणि दाह हे मात्र रोग आहेत. मैत्रिणींनो, बाटली विकत घेण्यापूर्वी तिच्यावरील अक्षरे वाचा. आणि ज्यांना ती वाचता येत नाहीत, त्या आपल्या घरातील माणसांनाही वाचून दाखवा.