महाताऱ्यांचा जन्म

पुण्याच्या पश्चिमेस हिंजवडी हे गाव आहे. एके काळी तेथे शेते होती आणि रात्री निबिड अंधार असे. आज तेथील उंच इमारतींच्या दीपप्रकाशात लहान तारे लोपून जातात. तरीही माघातील रात्री मृग नक्षत्र ठळकपणे दिसते. मृगाच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण कोण ओळखत नाही? त्या बाणाच्या किंचित दक्षिणेस एक धूसर ठिपका आहे. तो सुमारे 1300 प्रकाशवर्षे दूर असलेला तेजोमेघ होय. तेथे आजही नवे तारे जन्मास येत आहेत.

तारा हा अग्नीचा गोळा. परंतु त्याचा पाळणा मात्र अतिशीत असतो. हायड्रोजन वायू व धूळ यांच्या विशाल मेघांचे तापमान शून्याखाली सुमारे 260 अंश असते. मेघाचा एखादा दाट भाग स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आकुंचन पावू लागतो. त्याचा गाभा तापत जातो. तापमान सुमारे एक कोटी अंशांवर पोचले, की हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर होऊ लागते आणि तारा स्वयंप्रकाशी होतो.

सूर्याच्या आठपटींहून अधिक वस्तुमान असलेल्या ताऱ्यांना महातारे म्हणतात. त्यांच्या जन्माचे कोडे अवघड आहे. महातारा पुरता वाढण्यापूर्वीच प्रखर तेजाने तळपू लागतो. ते तेज आत येणाऱ्या वायूला व धुळीला बाहेर ढकलते. मग त्याची वाढ होते तरी कशी? वायू सर्व बाजूंनी सरळ न कोसळता ताऱ्याभोवती फिरणाऱ्या चकतीतून आत झिरपतो, आणि प्रकाशाला चकतीच्या वरच्या व खालच्या बाजूंनी वाट मिळते, असे शास्त्रज्ञ मानतात.

हे सारे धुळीच्या पडद्याआड घडते. दृश्य प्रकाश तो पडदा भेदू शकत नाही. रेडिओ लहरी मात्र भेदतात. महाताऱ्याच्या अतिनील किरणांनी तापलेला वायू अशा लहरी बाहेर टाकतो. त्या टिपणारी मोठी दुर्बीण पुणे जिल्ह्यातच, नारायणगावाजवळील खोडद येथे आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या तिच्या 30 तबकड्या सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. आकाशातून येणाऱ्या लहरी अत्यंत क्षीण असतात. मानवी यंत्रांच्या रेडिओ गोंगाटात त्या सहज बुडून जातात. म्हणून दिव्यांच्या झगमगाटाप्रमाणेच या गोंगाटालाही आवर घालणे अगत्याचे आहे.

सूर्याचे आयुष्य सुमारे एक हजार कोटी वर्षांचे. अतिविशाल महातारा मात्र काही दशलक्ष वर्षांतच आपले इंधन संपवतो आणि बहुधा प्रचंड स्फोटाने नाश पावतो. परंतु त्याने घडविलेली द्रव्ये अवकाशात विखुरतात. आपण श्वासावाटे घेतो त्या प्राणवायूचा बहुतेक अंश अशाच महाताऱ्यांच्या पोटी निर्माण झाला आहे. महाताऱ्याचे जीवन अल्प खरे, पण त्याचे दान चिरंतन असते.

स्वाध्याय
1. 'ताऱ्याचा पाळणा अतिशीत असतो' असे का म्हटले आहे?
2. महाताऱ्याच्या वाढीत कोणती अडचण येते? तिचे निवारण कसे होते?
3. खोडद येथील दुर्बिणीस शांतता का हवी?