जुनी बॅटरी स्वस्त केव्हां पडते?

सुट्टींत कांहीं तरी स्वतःच्या हातांनीं करून पाहावें अशी हौस ज्यांस आहे, त्यांच्यापैकीं पुष्कळांची दृष्टि हल्लीं सूर्यप्रकाशापासून वीज करण्याच्या खटपटीकडे वळलेली दिसते. आणि तें योग्यच आहे. वीस वॅटची एक लहानशी सोलर प्लेट, एक चार्ज कंट्रोलर, एकदोन दिवे आणि एक बॅटरी एवढ्या सामानांत ही हौस पुरी होते. यांपैकीं प्लेट एकदां आणली म्हणजे वीस-पंचवीस वर्षें काम देते. थोड्या वर्षांत निकामी होते ती बॅटरी, आणि खिसा रिकामा करते तीही बॅटरीच. म्हणून ‘जुनी स्वस्तांत मिळते, ती कां घेऊं नये?’ हा प्रश्न मुलांच्या तोंडीं वारंवार येतो. आणि ‘तें भंगार घरांत आणूं नकोस’ हें उत्तर वडिलांच्या तोंडीं तयारच असतें. दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य आहे. आम्हीं जुन्या बॅटऱ्या आणून, मोजून, वापरून पाहिल्या आहेत. त्या अनुभवावरून दोन्ही पक्षांस उपयोगीं पडेल असें कांहीं येथें सांगावयाचें आहे.

बॅटरींत वीज साठवलेली असते असें आपण बोलतों. पण हौदांत पाणी असतें तशी वीज तेथें नसते. १८५९ सालीं फ्रान्समध्यें गास्तों प्लांते यानें शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लांत बुडवून, पुन्हां पुन्हां भरतां येईल असा पहिला घट तयार केला. आजची मोटारींतील बॅटरी ही त्याच घटाची वंशज होय. भरलेल्या घटांत धन पत्र्यावर शिशाचें डायऑक्साइड व ऋण पत्र्यावर सच्छिद्र शिसें असतें. वीज खर्च होऊं लागली म्हणजे दोन्ही पत्र्यांवर शिशाचें सल्फेट बनत जातें आणि आम्ल पातळ होत जातें. भरतांना हीच क्रिया उलट होते. एका घटाचा दाब सुमारें २ व्होल्ट. असे ६ घट ओळीनें जोडले कीं १२ व्होल्टची बॅटरी झाली.

हें सल्फेट ताजें असतांना बारीक कणांचें असतें व सहज विरघळतें. पण बॅटरी रिकामी करून महिनेन् महिने कोपऱ्यांत टाकून दिली, तर मधाच्या बाटलींत तळाशीं साखर धरावी त्याप्रमाणें त्याचे कठीण स्फटिक जमतात, आणि मग ते पुन्हां शिशाच्या रूपांत येण्याचें नांव घेत नाहींत. शिवाय धन पत्र्याची जाळी गंजत जाते, आणि बंद बॅटरी असल्यास आंतील पाणी उष्णतेनें हळूहळू आटतें. बॅटरीचें म्हातारपण म्हणतात तें हें. बाहेरच्या काळ्या पेटीवर त्याची एक सुरकुतीही दिसत नाहीं, हीच खरी अडचण.

जुन्या बाजारांत मुख्यतः तीन जातींच्या बॅटऱ्या मिळतात. पहिली मोटारीची किंवा ट्रकची. एंजिन सुरू करतांना कांहीं सेकंद शेंकडो ॲम्पिअर प्रवाह द्यावयाचा आणि मग स्वस्थ बसावयाचें, एवढेंच तिचें काम. म्हणून तिचे पत्रे पातळ व पुष्कळ असतात. रात्रभर दिवा जाळून तिला रोज अर्धी रिकामी केली तर ती फार दिवस जगत नाहीं. दुसरी जात घरगुती इन्व्हर्टरची. २००५ नंतरचीं कांहीं वर्षें महाराष्ट्रांतील कित्येक गांवांत दिवसाचे तासन् तास वीज नसे. त्या काळांत इन्व्हर्टर घरोघर शिरला. त्याच्या ट्युब्युलर बॅटरीचे धन पत्रे जाड नळ्यांचे असतात, आणि हळूहळू पण खोलवर वीज काढलेली त्यांस मानवते. सौर कामास ही जात उत्तम खरी. परंतु तिचें वजन पन्नास किलोच्या घरांत आणि आंत उघडें आम्ल, तेव्हां मुलांच्या हातचें तें काम नव्हे.

तिसरी जात संगणकाजवळच्या यूपीएस यंत्रांतील लहान, बंद बॅटरी. ती १२ व्होल्ट व ७ ॲम्पिअर-तासांची असते आणि वजन दोन-अडीच किलो भरतें. आम्ही सुचवितों ती हीच. मोठ्या कचेऱ्यांतून व पेढ्यांतून पुष्कळदां अशा बॅटऱ्या ठराविक मुदत संपली कीं सगळ्या एकदम बदलून टाकतात, मग त्यांत बिघडलेली एखादीच कां असेना. त्यामुळें भंगाराच्या ढिगांत अगदीं मेलेल्या आणि धडधाकट अशा दोन्ही शेजारीं शेजारीं पडलेल्या असतात.

आतां त्यांतून निवड कशी करावी? दुकानदार मल्टिमीटर लावून दाखवितो, ‘पाहा, १२.८ व्होल्ट!’ आणि गिऱ्हाईक समाधान पावतें. या समाधानाला कांहीं अर्थ नाहीं. नुकत्याच भरलेल्या बॅटरीचा दाब कांहीं तास वर चढलेलाच राहतो. दाब म्हणजे टांकीतील पाण्याची उंची. टांकी हंड्याएवढी आहे कीं तांब्याएवढी, हें उंचीवरून कसें कळावें?

आम्हीं एका कचेरींतून निघालेल्या, एकाच ठशाच्या तीन बॅटऱ्या प्रत्येकीं २५० रुपयांस घेतल्या. तिन्ही पूर्ण भरून एक रात्र स्वस्थ ठेविल्या. सकाळीं मोजतां पहिलीचा दाब १२.८ व्होल्ट, दुसरीचा १२.७ आणि तिसरीचा १२.९ भरला. म्हणजे मल्टिमीटरच्या मतें तिसरी सर्वांत सरस! नंतर प्रत्येकीला १२ व्होल्ट १० वॅटचा, गाडींतील लहान दिवा जोडला व घड्याळ लावून बसलों. हा दिवा सुमारें ०.८३ ॲम्पिअर प्रवाह घेतो. दाब १०.८ व्होल्टवर येतांच दिवा काढावयाचा, असा नियम ठेविला. कारण त्याखालीं ओढल्यास बॅटरीस इजा होते. पहिलीनें दिवा ५ तास १० मिनिटें जाळला, दुसरीनें बरोबर २ तास, आणि ती १२.९ व्होल्टची तिसरी २५ मिनिटांत बसली. तिच्यांतील पाणी आटलेलें असावें. पाणी आटलें कीं उरलेलें आम्ल दाट होतें आणि स्वस्थ असतांना दाब उलट किंचित् अधिकच दिसतो.

आतां थोडा हिशेब करूं; अंकगणिताचा उपयोग काय असें विचारणाऱ्यांनीं तो अवश्य पाहावा. प्रवाहास तासांनीं गुणलें असतां पहिलीची शक्ति ४.३ ॲम्पिअर-तास, दुसरीची १.७ व तिसरीची जेमतेम ०.३५ निघते. म्हणजे दर ॲम्पिअर-तासास पहिली ५८ रुपयांस पडली, दुसरी १४७ रुपयांस, आणि तिसरी ७१४ रुपयांस! समजा नव्या बॅटरीस १००० रुपये पडतात व ती याच दिव्यावर ६ ॲम्पिअर-तास देते; तर तिचा दर १६७ रुपये झाला. दुसरी बॅटरी नवीपेक्षां नांवालाच स्वस्त. आणि नवी तीन-चार वर्षें चालावयाची व ही कदाचित् एकच पावसाळा पाहावयाची, हें मनांत आणलें तर ती महागच म्हटली पाहिजे. किंमत तिन्हींची एक, वस्तु मात्र तीन निराळ्या. जुनी बॅटरी स्वस्त पडते ती मोजून घेणारासच; न मोजतां घेणारास ती सोडतीचें तिकीट आहे.

दुकानांत पांच तास बसणें अर्थातच शक्य नाहीं. त्यासाठीं मोटारसायकलच्या पुढच्या दिव्याचा ३५ वॅटचा बल्ब दोन तारा जोडून बरोबर न्यावा आणि मिनिटभर लावून मल्टिमीटरकडे पाहावें. चांगल्या बॅटरीचा दाब थोडासा उतरून स्थिर राहतो. वाईटाचा कांटा घसरगुंडीवरून यावा तसा खालीं येतच जातो. दोन हातांत दोन सारख्या ठशाच्या बॅटऱ्या तोलून पाहाव्या. हलकी लागेल ती बहुधा आटलेली. पेटी फुगलेली, चिरलेली किंवा टोकांपाशीं पांढरें-हिरवें धरलेली असल्यास ती फुकटही घेऊं नये.

बऱ्या निघालेल्या चार बॅटऱ्या एकत्र जोडून मोठी शक्ति उभी करावी, हा मोह पुढें होतोच. नांगराला जुंपलेल्या चार बैलांत एक बसका निघाला म्हणजे उरलेल्या तिघांची काय दशा होते, हें शेतकऱ्याच्या मुलास सांगावयास नको. ओळीनें जोडलेल्या बॅटऱ्यांत अशक्त असते ती प्रथम रिकामी होते, आणि बाकीच्या तिच्यांतून उलटा प्रवाह ढकलून तिला कायमची मारतात. शेजारीं शेजारीं जोडल्यास सशक्त बॅटरी रात्रंदिवस अशक्ताचें पोट भरीत बसते. मोजमापांत जवळ जवळ सारख्या उतरलेल्याच जोडाव्या. नाहीं तर एकीवरच भागवावें.

मेलेली बॅटरी जिवंत करणाऱ्या पुड्या व औषधें बाजारांत विकतात, त्यांविषयीं मुलें आम्हांस विचारतात. हा धंदा नवा नाहीं. १९५३ सालीं अमेरिकेंत ‘एडी-एक्स-२’ नांवाच्या अशाच एका पुडीवरून मोठें रण माजलें होतें. तेथील सरकारी मोजमाप-संस्थेनें ती पुडी निरुपयोगी ठरविली, तेव्हां व्यापारमंत्र्यानें संस्थेचे संचालक ॲलन ॲस्टिन यांचाच राजीनामा मागितला. शास्त्रज्ञांनीं इतका गहजब केला कीं ॲस्टिन यांस पुन्हां जागेवर बसवावें लागलें. आणि तज्ज्ञांच्या स्वतंत्र समितीनेंही पुडींत कांहीं अर्थ नसल्याचाच निर्वाळा दिला. सल्फेट अगदीं ताजें असेल तर अल्प प्रवाहानें एकदोन दिवस सावकाश भरून थोडी शक्ति परत येते. तेवढा प्रयत्न जरूर करावा. गंजलेली जाळी मात्र कोणत्याच औषधानें भरून येत नाहीं.

आतां वडीलमंडळींशीं दोन शब्द. बारा व्होल्टचा धक्का बसत नाहीं, म्हणून ही वस्तु निरुपद्रवी आहे असें समजूं नये. दोन्ही टोकांवर चुकून पाना पडला किंवा हातांतील अंगठी टेकली, तर क्षणांत मोठा प्रवाह वाहून तो धातु लाल होतो. म्हणून काम करतांना अंगठी, बांगडी, कडें काढून ठेवावें आणि धन टोकाच्या अगदीं जवळ फ्यूज बसवावा. भरतांना बॅटरींतून हायड्रोजन निघूं शकतो. हवेंत त्याचें प्रमाण शंभरांत चार झालें कीं ठिणगीनें भडका होतो. बॅटरी बंद कपाटांत, देवघरांत किंवा चुलीजवळ ठेवूं नये. वारा खेळेल अशा जागीं ठेवावी. डोळ्यांवर चष्मा असावा. आम्ल अंगास लागलें तर पुष्कळ पाण्यानें धुवावें. डोळ्यांत गेलें तर पाव तास पाण्याची धार धरून तडक डॉक्टरांकडे न्यावें.

याहून मोठा धोका शिशाचा, आणि तो दिसत नाहीं. बंद पेटींतील शिसें कोणाचें कांहीं करीत नाहीं. ती फोडली, आंतील शिसें वितळविलें, कीं त्याची धूळ व धूर श्वासांतून आणि हातांतोंडांतून मुलांच्या शरीरांत जातो व मेंदूच्या वाढीवर घाला घालतो. आफ्रिकेंतील सेनेगल देशांत, डाकार शहराजवळच्या थियारॉय-सुर-मेर या वस्तींत, जुन्या बॅटऱ्यांतील शिसें काढण्याचा उद्योग घरांच्या अंगणांत चाले. तेथें नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या अवघ्या पांच महिन्यांत १८ बालकें दगावलीं. शिसें ३२७ अंशांवर, म्हणजे घरच्या चुलीवरही, वितळतें. म्हणूनच हें सांगणें भाग आहे. बॅटरी तपासणें हा प्रयोग आहे. ती फोडणें हा प्रयोग नव्हे. तसेंच लॅपटॉपमधून काढलेले लिथियमचे घट. ते ४.२ व्होल्टच्या वर भरले अथवा आंतून बिघडलेले असले तर पेट घेतात, आणि ती आग सहजीं विझत नाहीं. शाळेच्या वयांत त्यांच्या वाटेस जाऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्लेट जोडतांना कंट्रोलरला आधीं बॅटरी लावावी, मग प्लेट. काढतांना याच्या उलट. कंट्रोलर गाळून प्लेट सरळ बॅटरीस जोडण्याची काटकसर करूं नये. बारा व्होल्टची म्हणून मिळणारी प्लेट भर उन्हांत, कांहीं न जोडतां, वीस व्होल्टांहून अधिक दाब दाखविते. कंट्रोलर सुमारें १४.४ व्होल्टवर तिला आवरतो, नाहीं तर बंद बॅटरींतील उरलेंसुरलें पाणीही जातें. वीस वॅटच्या प्लेटपासून पांच तासांच्या चांगल्या उन्हांत कागदावर १०० वॅट-तास मिळतात. धूळ, प्लेटचें तापणें व इतर गळती वजा जातां ६०-७० हातीं लागतात. आमच्या पहिल्या बॅटरींत सुमारें ५० वॅट-तास मावतात, आणि तिनें टिकावें म्हणून त्यांतील निम्मेच वापरावयाचे. पांच वॅटचा दिवा रात्रीं पांच तास जळतो. अभ्यासास तेवढा पुष्कळ झाला.

कसोटीचे दिवस जुलै-ऑगस्टचे. आभाळ आठ-आठ दिवस उघडत नाहीं, बॅटरी अर्धवट भरलेलीच राहते, आणि याच वेळीं आंत सल्फेट घट्ट होत बसतें. त्या दोन महिन्यांत पंधरवड्यांतून एकदां घरच्या विजेवर, योग्य चार्जर लावून, ती पूर्ण भरून घ्यावी. आणि दर तीन महिन्यांनीं त्याच दहा वॅटच्या दिव्यानें तिचे तास मोजून वहींत तारखेसह टिपावे. पांच तासांचे तीन झाले, दोन झाले, कीं तिची रजा जवळ आली. अशी बॅटरी उकिरड्यावर टाकूं नये, फेरीवाल्यासही देऊं नये. आपल्या देशांत २०२२ सालच्या नियमांप्रमाणें वापरून संपलेल्या बॅटऱ्या गोळा करून योग्य ठिकाणीं पोंचविण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे; नवी बॅटरी विकणाऱ्या दुकानांत जुनी दिली म्हणजे बहुधा तिच्या वजनाप्रमाणें कांहीं रुपये वजा होऊन मिळतात. आमची तिसरी, १२.९ व्होल्टची, तिसऱ्याच दिवशीं त्या वाटेनें गेली.