आज्ञावलीला परवाना कोणता द्यावा?

आज्ञावली लिहून झाली की आपले विद्यार्थी ती इंटरनेटवर ठेवतात आणि आता ती सर्वांची झाली, असे समजतात. ही समजूत चुकीची आहे. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार संगणकाची आज्ञावली साहित्यकृतीतच गणली जाते. नोंदणी केली नाही तरी हक्क निर्मितीबरोबरच कर्त्याकडे येतो. म्हणजे परवाना न जोडलेली आज्ञावली इतरांना वाचता आली, तरी तिची नक्कल करणे, तीत बदल करणे वा ती दुसऱ्यास देणे यांची मोकळीक त्यांना मिळत नाही.

माझ्या परिचयाच्या चार विद्यार्थ्यांनी ग्रंथालयासाठी मराठी व कन्नड दोन्ही लिप्यांत पुस्तके शोधून देणारी आज्ञावली तयार केली होती. पुढच्या तुकडीला ती वाढवायची होती. परंतु परवाना नव्हता आणि नोकरीनिमित्त चौघेही पांगलेले. संमती चौघांचीही हवी आणि दोघांचा तर ठावठिकाणाच लागेना. अखेर नव्या मुलांनी सारे पहिल्यापासून लिहिले.

तेव्हा परवाना हवाच. पण कोणता? माझ्या मते प्रश्न एकच आहे : आपले काम घेऊन पुढे जाणाऱ्यावर आपण कोणते बंधन घालू इच्छितो?

पहिला वर्ग उदार परवान्यांचा. एमआयटी व बीएसडी हे त्यांतले प्रमुख. कर्त्याचे नाव आणि परवान्याचा मजकूर कायम ठेवा, मग हवे ते करा; बदललेली आज्ञावली गुप्त ठेवून विकली तरी हरकत नाही. २००४ चा अपाची परवाना (आवृत्ती २) याच वर्गातला. त्यात पेटंटविषयीची परवानगीही स्पष्ट दिलेली आहे.

दुसरा वर्ग परतफेडीचा. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये प्रसृत केलेला जीपीएल हा त्याचा नमुना. ही आज्ञावली विकताही येते. मात्र ज्याला ती द्याल त्याला मूळ सोर्स कोड आणि तेच स्वातंत्र्यही दिले पाहिजे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्या अटींत पैसे घेऊन वितरण करण्यास मनाई होती. १९९२ मध्ये त्यांनी जीपीएल स्वीकारला. त्यामुळे कंपन्यांना लिनक्स विकता आले, आणि विकताना आपल्या सुधारणांचा कोडही खुला करणे त्यांना भाग पडले. मात्र आज्ञावली कोणास न देता केवळ स्वतःच्या सर्व्हरवर चालवली, तर जीपीएलचे हे बंधन लागू होत नाही. ही पळवाट बुजवण्यासाठी २००७ चा एजीपीएल आहे.

निवड करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. आपण दुसऱ्याचा कोड वापरला असेल, तर त्याच्या अटी आपल्या परवान्याशी जुळतात काय? उदाहरणार्थ, अपाची २ चा कोड जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत चालतो, केवळ दुसऱ्या आवृत्तीखालील कामात चालत नाही. सर्व सहलेखकांची लेखी संमती आहे काय? आणि काम नोकरीत असताना केले असेल, तर हक्क मालकाचा तर नाही ना? स्वतःच्या शब्दांत नवा परवाना मात्र रचू नये. त्याचा अर्थ लावताना वकीलही गोंधळतात.

लहान, सर्वत्र उपयोगी पडावे असे साधन असेल तर मी एमआयटी सुचवीन. समाजासाठी उभारलेले आणि पुढेही खुलेच राहावे असे वाटणारे काम असेल, तर जीपीएल. पण चौघे एकत्र बसलेले असतील त्याच दिवशी परवान्याची फाईल कोडाशेजारी ठेवावी. निरोप समारंभानंतर ते काम होत नाही.